वानवळा कुठं गेला?

गुऱ्हाळं पेटली की लोकांना भूक लागते. मला संशय येतो.

आता खोटं कशाला सांगू? दिवाळी झाली, पंचगंगेवर सकाळचं धुकं उतरायला लागलं, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते तुंबले आणि वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास आला, की माझं नाक आपोआप कामाला लागतं. सुनेनं चहा दिला तरी मी कप आधी नाकाशी नेते. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला ते फार लागलं होतं. एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडलीसुद्धा. मग माझ्या नवऱ्यानं तिला समोर बसवून सांगितलं, "बाळ, तुझ्या सासूनं जन्मभर लोकांच्या पोटातलं विष शोधलंय. तिला गजरा दिला तरी ती आधी विचारंल, फवारणी कधी झालीती." आता ती कप पुढं करते आणि म्हणते, "घ्या आई. पास झाला की सांगा." मी हसते, पण वास घेतेच.

हे नाक मला मगदूम मॅडमनी दिलं. आमच्या सरकारी प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात आलेली ती पहिली बाई. त्यांच्याआधी आमच्याकडच्या अहवालात एक ओळ असायची, विष आढळले किंवा आढळले नाही. खाली सही, शिक्का, संपलं काम. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. आढळलं ते आलं कुठनं? ज्यात आलं ते भांडं कुठाय? आमच्या बाजूला कुठल्या पिकावर कुठलं औषध मारतात, त्याला गावात काय नावानं ओळखतात, याची एक जाडजूड वही त्यांनी स्वतः शेतकऱ्यांना विचारून विचारून तयार केली. जुनी माणसं हसायची. "बाई, आपल्याला पोटापुरतं बघायचंय, पीकपाणी कशाला?"  मॅडम हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून एका डबीत ठेवायच्या, डबी ड्रॉवरमध्ये टाकायच्या आणि कामाला लागायच्या.

जयसिंगपूरच्या व्यापारी जैन घरातल्या त्या. कांदा नाही, लसूण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी फडक्यानं गाळून घरनं आणलेलं. आणि दिवसभर हात कशात, तर मेलेल्या माणसाच्या आतड्यात! देवानं थट्टा करावी तर किती करावी? भाचीच्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढायला पळी उचलली, तर तिघी बायका धावत आल्या. "असू दे, असू दे मावशी, तुम्ही बसा." हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. "माझ्या हातचं कुणी खात नाही गं शुभांगी. पाणी वाढायला देतात तेवढं. तेही तांब्या दुसरीनं भरून." मला तेव्हा त्या हसण्यातलं काही कळलं नाही. चोविसाव्या वर्षी कळतं काय माणसाला?

त्यांचा एक नियम होता. दर तपासणीबरोबर एक कोरा नमुना चालवायचा. म्हणजे पोटातलं काही न घेता तीच भांडी, तेच द्रावण, तेच हात, सगळं तसंच करून बघायचं. कोऱ्यात विष दिसलं तर घाण आपल्याच भांड्यात आहे. "संशय घ्यायचा ना? मग पहिला स्वतःवर घ्यायचा. दुसऱ्याचा नंबर नंतर." मला तो नियम म्हणजे कामाचा दुप्पट ताप वाटायचा.

मला जो हंगाम आठवतो तो माझा तिथला पहिलाच. थंडी अशी, की नळाखाली हात धरवत नव्हता. लाखेच्या सीलचा जळका वास, मिठाच्या पाण्यात आतडी बुडवून आणलेल्या बरण्या, आणि त्या घेऊन तालुक्यातनं एसटीनं येणारे हवालदार. पेटी मांडीवर घेऊन बसायचे बिचारे. शेजारच्यानं विचारलं, "काय पावणं, पेढं व्हय?" की म्हणायचे, "व्हय, पर तुमास्नी पचायचं न्हाईत." त्यातलाच एक हवालदार एक दिवस शिरोळच्या खालच्या नदीकाठच्या गावातनं एक पेटी आणि एक पोतं घेऊन आला. पेटीत बरण्या, पोत्यात भांडी. ताट, वाट्या, एक पातेलं, तवा. सगळी लखलखीत.

"मॅडम, ह्यात काय शोधायचं ऱ्हायलंय?" तो खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला. "सूनंनंच घातलंय की. सासूला भाकरी-काकवी वाढली, आणि सोता शिवली न्हाई! म्हातारी तितंच आडवी. तोंडाला फेस. दवाखान्यापतोर पोचलीबी न्हाई. आन् ही भांडी बघा. पोलीस यायच्या आत घासून फुसून ठेवल्यात. लई हुशार हाय पोरगी."

पोरीचं नाव संगीता. लग्नाला दोन वर्षं. घरात ती आणि सासू दोघीच, कारण नवरा उसाची ट्रॉली घेऊन दोन दिवस कारखान्याच्या रांगेत अडकलेला. सासू-सुनेचं पटत नव्हतं हे अख्ख्या गावाला माहीत. संगीता कोठडीत होती. आता सगळं आमच्या अहवालावर अडलेलं. विष निघालं तर तिचा जन्म आत जाणार हे हवालदारानं न विचारता सांगून टाकलं.

आणि विष निघालं. काचेच्या पट्टीवर पांढरा लेप असतो, त्यावर पोटातल्या अर्काचा ठिपका द्यायचा, शेजारी ओळखीच्या विषाचा ठिपका द्यायचा, पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, ठिपके बरोबर घेऊन चढतं. फवारा मारला की रंग येतो. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले होते. फवारणीचं औषध. कोरी पट्टी स्वच्छ. मी म्हटलं, "झालं की मॅडम! सापडली बया."

"काय सापडलं?"

"विष."

"मग विष सापडलं म्हण. बया कुठं सापडली?"

मला राग आला, खरंच आला. मनात म्हटलं, ह्या बाईला सरळ दिसतंय ते दिसत नाही. मला संगीताचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता, पण मी तिला बघितल्यासारखी ओळखत होते. वाढते आहे, आणि स्वतः खात नाही. आणखी काय पाहिजे? गंमत बघा, मी स्वतः त्या वर्षी नवी नवरी. घरी सासूबाईंचं ताट उचलल्याशिवाय मी पानावर बसत नव्हते. रोज संध्याकाळी बसत नव्हते! आमच्याकडं सून मागनंच जेवते, यात नवल ते काय? पण ते माझ्या टाळक्यात आलं नाही. संशय एकदा डोक्यात बसला की माणूस आपल्या घरातलंसुद्धा विसरतं.

मॅडमनी पोत्यातलं पातेलं उचललं, उजेडात फिरवलं. "ही भांडी कुणी घासली असतील गं? तू त्या बाजूची आहेस."

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझी मलाच लाज वाटली. मयताच्या घरची भांडी घरची बाई कधी घासते? तिला कोण उठू देतं? शेजारच्या बायका पदर खोचून येतात, चुलीतली राख काढतात, उरलंसुरलं उकिरड्यावर टाकतात, सगळी भांडी चकचकीत करून पालथी घालतात. माझ्या चुलतीनं गावातल्या निम्म्या घरांत हे केलंय. हे उपकाराचं काम. त्या उपकारानं संगीताचा सगळा पुरावा राखेनं घासून काढला होता, आणि आळ तिच्याच माथी आला होता.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पोटात काकवी आहे, ती आली गुऱ्हाळातनं. हंगामाची पहिली. पहिली काकवी घरी आली की तुमच्याकडं काय करतात?"

"देवापुढं वाटी ठेवतात. आणि वानवळा देतात भावकीत."

"आधी खातात, का आधी वानवळा?"

"आधी वानवळा."

मॅडमनी पातेलं खाली ठेवलं. "मग वानवळा कुठं गेला?"

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीबाहेर रस्त्यावर उसाची ट्रॉली अडकून हॉर्नचा कल्ला चाललेला, आणि आत आम्ही दोघी एका घासलेल्या पातेल्याकडं बघत उभ्या. मॅडमनी ठाण्याला पत्र लिहिलं. हवालदार फोनवर वैतागला. "मॅडम, विष घावलंय न्हवं? मग आता वानवळा कशाला हुडकू? ज्येनं खाल्ला त्यो धडधाकट हिंडतोय. गावात दुसरं कोण मेलंय?" हा मुद्दा बरोबर होता. वानवळा खाऊन कुणाला काही झालं नव्हतं, म्हणजे काकवी चांगली, म्हणजे विष ताटात पडलं, म्हणजे संगीतानंच घातलं. मीही तेच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "खाल्ला हे कुणी सांगितलं? विचारा तर."

चार दिवसांनी हवालदार आला. मान खाली. हातात फडक्यानं तोंड बांधून सील केलेला एक छोटा तांब्या.

झालं होतं असं. म्हातारीनं स्वतः दिवेलागणीला तांब्याभर काकवी पलीकडच्या आक्काताईकडं पाठवली. आक्काताई भावकीतल्याच. त्यांचं जेवण व्हायच्या आत म्हातारी गेल्याची बोंब उठली. भावकीला सुतक. सुतकात गोड कोण खाणार? तांब्या फळीवर गेला. तेरावं झालं, तरी आक्काताईंना तो परत देता येईना. वानवळ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी गोडाचं त्यात घालून देतात, आणि मयताच्या घरी एवढ्यात गोड कसं पाठवायचं? फेकून द्यावा तर मेलेल्या बाईच्या हातचा शेवटचा वानवळा, मन होईना. तांब्या फळीवर तसाच. "मी मनात म्हनलंतं," आक्काताईंनी हवालदाराला सांगितलं म्हणे, "संक्रांतीला तिळगूळ घालून देईन."

काकवीत तेच औषध निघालं. कोरी पट्टी स्वच्छ.

मग सगळं भराभरा उलगडत गेलं. रानातल्या खोपीत एक पांढरा प्लॅस्टिकचा कॅन मिळाला, औषधाचा. बूच काढून त्याच्या आट्यांत कापूस फिरवला, त्यातही तेच. काकवी घरी पातेल्यात ओतून कॅन पुन्हा खोपीत नेऊन ठेवला होता. गुऱ्हाळातल्या गुळव्याला आठवत होतं. "म्हातारीनंच आणलाता कॅन. मी म्हनलं, आत्ती, वास मारतोय. तर मलाच म्हनाली, राखंनं घासलाय, गरम पान्यानं इसळलाय, तू भर गपगुमान." गुऱ्हाळातनं कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही, आणि हाताला लागेल ते भांडं घेऊन जातं. असे कॅन मी माहेरी घरोघर बघितलेत. रॉकेलला, पाण्याला, ताकाला. चांगली वस्तू टाकवत नाही आमच्या माणसांना.

कोर्टात मी मॅडमबरोबर गेले होते. तिथं संगीताला पहिल्यांदा बघितलं. एवढीशी पोर, पदर दोन्ही खांद्यावरनं घेतलेला, कुणाकडंच बघत नव्हती. वकिलानं मॅडमना विचारलं, "म्हणजे आरोपीनं विष घातलं नाही, असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कॅनमध्ये जे आहे तेच काकवीत आहे, तेच पोटात आहे. एवढं सांगते. कुणाच्या हातानं काय झालं ते पट्टीवर दिसत नाही."

 बाहेर आल्यावर मी चिडूनच बोलले, "मॅडम, तुम्हाला सांगायला काय झालं होतं, निर्दोष आहे म्हणून? तुम्हाला खात्री होती ना?" त्या चालत राहिल्या. बसस्टॉपवर आल्यावर म्हणाल्या, "माझ्या खात्रीवर एकीला सोडलं, तर उद्या माझ्या खात्रीवर दुसरीला अडकवतील." संगीता सुटली. त्यानंतर मॅडमनी सगळ्या ठाण्यांना पाठवायचा एक अर्ज छापून घेतला, त्यात एक रकाना होता, घरातून त्या दिवशी बाहेर गेलेलं अन्न. त्या रकान्यानं नंतर किती जणांना वाचवलं ते मी मोजलं नाही. पण गावानं काय लक्षात ठेवलं? मॅडमनी कोर्टात म्हटलेलं 'नाही'. मॅडमचा संशय कामाला जायचा, काही घेऊन परत यायचा. गावाचा संशय पारावर नुसता बसून राहिला.

पुढच्या हंगामाला संगीता आमच्याकडं आली. एसटीनं, दोन तांबे घेऊन. एक मॅडमना, एक मला. मॅडम कामावर होत्या. त्यांनी हात धुतले, फडकं सोडलं, आणि तिथंच दारात उभं राहून बोटानं काकवी चाटली. वास घेतला नाही! पाण्याचा पेलासुद्धा हुंगणारी बाई, वास घेतला नाही. "गोड आहे गं," म्हणाल्या. संगीता तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातचं त्यांच्या घरी कुणी खात नव्हतं, हे मला त्या वेळी आठवलं.

आणि मी? मी तांब्या घेतला, "बरं झालं आलीस" म्हटलं, आणि ती गेल्यावर त्यातली चमचाभर काकवी काढून पट्टीवर चढवली. हो, चढवली. स्वतःला सांगितलं, सवय आहे, सराव होतोय. द्रावण वर चढत होतं आणि मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. नोंदवहीत त्या दिवशी काकवीचा नमुना नव्हता, हे त्यांना पाठ होतं.

"काय सापडलं?"

"काही नाही मॅडम."

"कोरी पट्टी चालवलीस?"

"नाही."

"चालवायची," एवढंच म्हणून त्या गेल्या. नंतर कधी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. ओरडून घेतलं असतं, मोकळी झाले असते.

मॅडम दोन वर्षांपूर्वी गेल्या. वयानं, झोपेत, काही शोधावं असं मागं न ठेवता. माझी भाबडी समजूत होती, की आता संगीताचं येणं थांबेल, कारण ती मॅडमसाठी यायची. पण हंगाम सुरू झाला, की तिचा तांब्या येतोच. कधी कुणाच्या हाती, कधी स्वतः. मी दरवर्षी तो रव्याचे लाडू भरून परत पाठवते. आणि काकवी? काकवी मी खाते. आता खाते. पण तिच्या समोर कधी खाल्ली नव्हती, तसा प्रसंगच आला नाही.

गेल्या आठवड्यात आला. सकाळी अकराच्या सुमाराला संगीता आमच्या राजारामपुरीतल्या घरी आली. केस पिकलेत, नातू झालाय. सून बाहेर गेली होती, म्हणून मीच चहा केला. तिनं पिशवीतनं तांब्या काढला, फडकं सोडलं. "ताजी हाय, पहाटंची काडलीया. खाऊन बगा की बाई." मी वाटी आणली, चमचा आणला. तिनं काकवी ओतली. मी वाटी उचलली आणि माझी मान खाली वाकली, नाकाशी. झालं एवढंच. सवय, दुसरं काही नाही. रोज चहालासुद्धा मी तेच करते.

पण संगीतानं माझ्या हातातनं वाटी घेतली. शांतपणे, रागबिग काही नाही. चमचाभर काकवी स्वतः खाल्ली. मग आणखी एक चमचा. चमचा वाटीत ठेवला, हात मांडीवर घेऊन सरळ बसली.

"अगं, हे काय करतेस?" मी म्हटलं. "मी आपलं उगीच..."

"असू दे वो बाई. मला कुटं नवीन हाय? हळदीकुंकवाला, बारशाला, कुटंबी काय घिऊन गेलो की आदी मीच खातो." आमच्याकडच्या बायका खातो, जातोच म्हणतात. "सून आली घरात, तवाबी पैल्यांदा मीच खाऊन दावलं. नातवाला भरवायचं झालं तरी आदी एक घास माजा." तिनं पदरानं ओठ पुसले. "पैल्यांदा मागनं जेवायला बसलोतो, त्यानं झालं न्हवं सगळं."

 मी वाटीकडं हात नेला, तर तिनं माझा हात अलगद धरला.

"घाई करू नका. लोकं जरा वेळ थांबत्यात."

मी हात सोडवून घेतला, तिचाच उष्टा चमचा उचलला आणि खाल्लं. वाटी पुसून खाल्ली. पण त्याआधी, हात सोडवायच्या आधी, माझी नजर एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली होती. संगीतानं ते बघितलं. तिनंही घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "झाली की पाच मिन्टं."